काका घरात राहायला येतात तेव्हा

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहतात, गिऱ्हाइकासमोर धार काढली जाते आणि फेसाळ दुधाचा गिलास हातात घेऊन माणसं रेंगाळतात. मध्यंतरी तिथं शेजारी उभ्या असलेल्या चाळिशीतल्या एका माणसाचं बोलणं कानावर पडलं. "आईनं लगीन केलं त्याचं काय न्हाई रे," तो मित्राला सांगत होता, "पण ह्याच माणसाशी कशाला?" हा माणूस म्हणजे त्याच्या वडिलांचा जिवलग दोस्त, ज्याला तो कळायला लागल्यापासून काका म्हणत आला होता.

त्या बोलण्याचा पहिला भाग कोल्हापूर जिल्ह्यात आज चारचौघांत बोलता येतो, हे थोडंथोडकं नाही. मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या गावात होणार नाही. राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. 2023 च्या जानेवारीत कोल्हापूरच्या एका 23 वर्षांच्या तरुणाची बातमी आली. वडील अपघातात गेल्यावर एकट्या पडलेल्या आईला त्यानं राजी केलं आणि तिचं लग्न लावून दिलं. पाठोपाठ, त्याच शिरोळ तालुक्यात, घोसरवाडच्या वृद्धाश्रमात 75 वर्षांचे आजोबा आणि 70 वर्षांच्या आजी यांनी लग्न केलं. दोघांचेही जोडीदार गेलेले. आश्रमात ओळख झाली, सुखदुःखाच्या गप्पांतून मैत्री झाली, मग आजोबांनी विचारलं.

दोन्ही बातम्यांनी मन सुखावलं. नंतर मात्र एक गोष्ट टोचत राहिली. पहिल्या बातमीचा नायक मुलगा आहे. ‘लावून दिलं’ हे क्रियापदच बघा ना. एके काळी बाप मुलीचं लग्न लावून द्यायचा, आता मुलगा आईचं लावून देतो, आणि दोन्हीकडे कौतुक देणाऱ्याचं होतं. त्या तरुणाचं मोल यानं कमी होत नाही. गावाचे टोमणे अंगावर घ्यायला छाती लागते. दुसऱ्या बातमीत दोघांनी आपलं आपण ठरवलं, पण ती माणसं घरदार मागं टाकून आलेली होती. वृद्धाश्रमातल्या लग्नाला टाळी वाजवताना कुणाला आपल्या घरातली खोली रिकामी करावी लागत नाही. अवघड प्रकरण या दोन्हींच्या मधलं आहे. आई अठ्ठावन्न वर्षांची, घर तिच्या नावावर, मुलं कमावती, आणि तिनं कुणाला न विचारता स्वतः निवडलेला माणूस घरात सगळ्यांच्या ओळखीचा. त्याची बातमी होत नाही. पेठेत कुजबुज होते.

पुनर्विवाह म्हणजे नवं खूळ, असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच आज्या-पणज्यांकडे बघावं. आपल्याकडच्या कितीतरी जातींमध्ये विधवेचा पाट लावायची रीत होती. मात्र तो लागायचा रात्री, वाजंत्रीशिवाय, आणि बाईची आधीची पोरं बहुतेक वेळा पहिल्या नवऱ्याच्या घरी राहायची. बिजवर मात्र दिवसाउजेडी घोड्यावर बसायचा. उच्चवर्णीयांत आणि कुलीन म्हणवणाऱ्या घराण्यांत विधवेला तेवढीही वाट नव्हती. शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, तेव्हा रात्री लागणाऱ्या पाटाला दिवसाची नोंदवही मिळाली. पुढच्याच वर्षी त्यांचे धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीत अपघाताने गेले. शिवाजींच्या पत्नी इंदुमतीदेवींचं वय तेव्हा जेमतेम बारा. महाराजांनी घरच्यांचा विरोध पत्करून या सुनेच्या शिक्षणाची व्यवस्था सोनतळीला केली. त्या काळी हेही बंडच होतं. पण पुनर्विवाह त्यांचा झाला नाही. दोष द्यायला हे सांगत नाही. कायदा करणाऱ्याच्या उंबऱ्यातही कायदा लगेच शिरत नाही, इतकंच.

मित्राचा धागा असलेलं एक लग्न मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक आहे. पत्नी राधाबाई गेल्यावर धोंडो केशव कर्वे यांनी 11 मार्च 1893 रोजी आपले मित्र नरहरपंत जोशी यांची विधवा बहीण गोदूबाई यांच्याशी लग्न केलं. त्यांच्या गावच्या मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं ते आपण पाठ केलं आहे. पहिल्या बायकोचा मुलगा रघुनाथ तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याला काय वाटलं असेल, हा प्रश्न मात्र शाळेत कुणी विचारला नाही. सुधारणेच्या आपल्या गोष्टींत मूल बहुधा कोपऱ्यात उभं असतं.

म्हणून त्या कट्ट्यावरच्या मुलाकडे परत येतो. त्याची तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आईनं अनोळखी माणसाशी लग्न केलं असतं, तर वडिलांचा काळ जागच्या जागी राहिला असता. मित्राशी केलं की मागचं सगळं पुन्हा उलटून बघावं लागतं. गणपतीत आरतीला काका शेजारी उभे असायचे, ज्योतिबाला जाताना गाडी तेच चालवायचे, वडील दवाखान्यात असताना रात्रीचा डबा तेच आणायचे. या साध्या आठवणींना आता शंकेचा वास येतो. ‘आधीपासूनच होतं की काय?’ हा प्रश्न भावकी उघड विचारते, मुलगा मनात. आणि त्याचं उत्तर पुराव्यानं देता येत नाही. शिवाय आपल्या नात्यांच्या शब्दांचाही घोळ होतोच. काका हा वडिलांच्या बाजूला उभा राहणारा शब्द, त्याला वडिलांच्या जागेवर बसवायला जीभ वळत नाही.

दुसरं पारडंही तेवढंच जड आहे. साठीला आलेल्या बाईनं नवं माणूस शोधायचं तरी कुठं? वधूवर मंडळात फोटो देऊन? ज्याच्याजवळ गेलेल्या नवऱ्याचं नाव काढून रडता येतं, ज्याला त्याच्या खोड्या ठाऊक आहेत, ज्यानं त्याला खांदा दिला, असा माणूस सापडणं म्हणजे जुनं पुसणं नव्हे. ते कुणाबरोबर तरी सांभाळणं आहे. परक्या नवऱ्यासमोर पहिल्याचा विषय जपून काढावा लागतो, दोस्तासमोर तो आपसूक निघतो. मला तर वाटतं, मुलांना ज्याची भीती वाटते तीच गोष्ट, म्हणजे वडिलांची आठवण, अशा लग्नात सगळ्यात सुरक्षित असते. पण हे मुलांना पटायला वेळ लागतो, आणि तो वेळ मागायचा त्यांना हक्क आहे.

जाता जाता एक. विधुर बापाच्या लग्नाला ‘जेवणाखाण्याची आबाळ’ हे कारण पुरतं, विधवा आईच्या लग्नाला ‘आधार’ लागतो. ‘मला हा माणूस आवडतो’ हे कारण आपण दोघांकडूनही ऐकून घेत नाही.

आणि मग इस्टेट. भावनेच्या नावाखाली निम्मी भांडणं हिचीच असतात, तेव्हा उघड बोललेलं बरं. 1856 च्या विधवा पुनर्विवाह कायद्यात लग्नाची मुभा होती, पण पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जायचा. आज तसं नाही. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं नवऱ्याकडून वारशानं आलेला वाटा पुनर्विवाह केला म्हणून बाईच्या हातून जात नाही. पण मुलांची धास्तीही हवेतली नाही. मृत्युपत्र नसेल तर आईच्या माघारी मुलांबरोबर नव्या नवऱ्यालाही वाटा मिळतो, आणि बापाच्या माघारी नव्या बायकोला. पेन्शनीचं गणित वेगळं. केंद्र सरकारच्या नियमात विधवेनं पुनर्विवाह केला की कुटुंब निवृत्तिवेतन सर्वसाधारणपणे थांबतं; अपुरं उत्पन्न असलेल्या निपुत्रिक विधवेला तेवढी सवलत आहे. महिन्याची ती रक्कम सोडायची नाही म्हणून मंगळसूत्र टाळणाऱ्या बायकांना कुणी भित्र्या म्हणू नये. पुण्यात माधव दामले यांनी 2012 मध्ये ज्येष्ठांसाठी लिव्ह-इन रिलेशनशिप मंडळ सुरू केलं, त्याला लोक हसले. पण कागदाची ही अडचण ओळखणारी ती एक वाट होती.

यावर माझं मत असं, की मुलांचा हक्क माहितीचा आहे, परवानगीचा नाही. आई लग्नाचा विचार करते आहे हे त्यांना आधी तिच्या तोंडून कळलं पाहिजे, मिरजकर तिकटीवरच्या चहाच्या गाड्यावर नव्हे. घर कुणाचं, दागिने कुणाचे, हे मृत्युपत्रात लिहून नोंदवलं तर लग्नाच्या दिवशी चेहरे मोकळे राहतात. मात्र मुलांची तोंडं बंद करायला आईनं हयातीतच घर त्यांच्या नावावर करून टाकणं मला धोक्याचं वाटतं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात असं बक्षीसपत्र रद्द करून घ्यायची सोय आहे, पण सांभाळ करण्याची अट दस्तात स्पष्ट लिहिलेली नसली तर वाद कोर्टकचेरीत अडकतो. आणि काका म्हणायचं की बाबा, हे चाळिशीकडे झुकलेल्या पोरांवर लादू नये. काका म्हटल्यानं काही बिघडत नाही.

मुलांच्या नकाराचं काय? हा प्रश्न मला सोडवता आलेला नाही. सख्खा मुलगा बोलायचा थांबला, तर लग्नाचं सुख किती उरतं हे आईच सांगू शकते. वर्षभर थांब, एवढं मुलानं म्हणावं आणि आईनं ऐकावं. पण वर्षाची पाच वर्षं झाली, तर त्याला थांबणं म्हणत नाहीत. साठीनंतरची पाच वर्षं कुणी परत देत नाही.

त्या संध्याकाळी कट्ट्यावरचा दुसरा, ऐकणारा, बराच वेळ गप्प होता. मग त्यानं विचारलं, "वडलांच्या फोटूला हार कोण घालतंय आता?"

"काकाच," पहिला म्हणाला. "दर सोमवारी. आधीबी तेच घालायचे."

ऐकणाऱ्यानं मान हलवली. दोघांनी गिलास परत केले, आणि पहिल्यानं आईसाठी एक लिटर दूध पिशवीत बांधून घेतलं.