जेन ऑस्टेनचा गोड चेहरा

आमच्या शाळेच्या वाचनालयात इंग्रजी पुस्तकांच्या कपाटावर जेन ऑस्टेनचे एक जुने ठसाचित्र चौकटीत लावलेले आहे. झालरीची टोपी, कपाळावर कुरळ्या बटा, टपोरे डोळे आणि मुद्रेवर कोणालाही न दुखावणारे समाधान. मागे एक पाहुणे त्यापुढे थबकले आणि म्हणाले, "किती सोज्वळ बाई! हिने कधी कोणाची टर उडवली असेल असे वाटतसुद्धा नाही." त्यांनी आपल्या मते स्तुती केली. मला मात्र वाटले, चित्राने आपले काम चोख बजावले!

हे चित्र जेनच्या हयातीतले नव्हे. ती १८१७ साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी वारली. ती असेपर्यंत तिच्या एकाही पुस्तकावर तिचे नाव छापले गेले नाही. १८११ च्या पहिल्या कादंबरीवर 'एका स्त्रीने लिहिलेली' एवढाच उल्लेख. जिथे नाव नाही तिथे चेहरा कोण छापणार? पुढे १८६९ च्या डिसेंबरात तिच्या पाद्री भाच्याने तिचे चरित्र प्रसिद्ध केले. त्याला मुखचित्र हवे होते. थोरली बहीण कॅसँड्रा हिने १८१० च्या सुमारास पेन्सिलीने व थोड्या जलरंगाने काढलेले, तळहाताएवढे एक चित्र होते. ते आज लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. त्यातल्या जेनने हाताची घडी घातली आहे, ओठ घट्ट मिटले आहेत, नजर तिरकी आहे. समोरच्याचा मूर्खपणा नुकताच टिपून ठेवल्यासारखी ती दिसते. कादंबरीकार दिसायची ती अशीच!

पण भाच्याला ही आत्या परवडेना. त्याने जेम्स अँड्रयूज नावाच्या चित्रकाराकडून त्यावरून नवे चित्र करवून घेतले आणि त्याबरहुकूम लिझार्स यांनी पोलादी पत्र्यावर ठसा कोरला. डोळे मोठे झाले, ओठ सैलावले, नजरेतला काटा गेला. जेनला पाहिलेल्या भाचीनेही साम्य फारसे नाही, पण मुद्रा प्रसन्न आहे, अशा अर्थाचा अभिप्राय दिला. घरच्यांचे तेवढ्यावर भागले.

कोणी म्हणेल, यात बिघडले काय? आपणही मेलेल्या माणसाचा फोटो जरा उजळून घेतोच की! बिघडते ते वाचनात. गोड चेहऱ्याच्या बाईने गोडच लिहिले असणार, असे धरून आपण पुस्तक उघडतो. मग तिच्या कादंबऱ्यांत प्रत्येक वराचे वार्षिक उत्पन्न पौंडांत का सांगितलेले असते, बापामागे घर दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे गेल्यावर मुलींनी कुठे जावे, हे प्रश्न आपल्याला दिसतच नाहीत. ही बाई व्यवहार जाणत होती. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे हक्क तिने ११० पौंडांना विकले. तिला १५० हवे होते.

इंग्लंडने २०१७ साली तिला दहा पौंडांच्या नोटेवर बसवले. चेहरा कोणता? तोच, गोड केलेला! खाली वाचनाच्या आनंदाचे एक वाक्य. पण कादंबरीत ते बोलते ती मिस बिंग्ले, आणि ती तर पुस्तकाला कंटाळून जांभई देते! मागे भावाची आलिशान हवेली. म्हणजे चेहरा तिचा नव्हे, घर तिचे नव्हे, आणि जिला तिने हास्यास्पद केले तिचे बोल तिच्या नावावर. हा सन्मान म्हणायचा की सूड?

मी हे तावातावाने लिहिते, त्याला कारण आहे. माझ्या पहिल्या कादंबरीच्या मलपृष्ठासाठी दिलेला फोटो प्रकाशकांनी परत केला. "बाई, जरा हसरा द्या. वाचक बिचकतील." मी हसरा दिला. त्याची लाज मला आजही वाटते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच : कॅसँड्राचे चित्र भिंतीवर लावा. गोड चित्र ज्यांना हवे त्यांनी खुशाल ठेवावे. फक्त त्याखाली जेनचे नाव घालू नये, भाच्याचे घालावे.