दुःखाला टाळ्या, गाण्याला काय?

वैद्यकीय व्यवसायात पंचवीसहून अधिक वर्षे काढल्यावर एक गोष्ट आमच्या मनावर पक्की ठसली आहे. रुग्णाचा पूर्वेतिहास विचारून घेणे आवश्यकच असते. परंतु तो ऐकून हेलावलेला डॉक्टर जर छातीला स्टेथोस्कोप लावावयाचे विसरला, तर त्याने रुग्णाची तपासणी केली असे म्हणता येत नाही. चार्ल्स ब्रॅडली या कृष्णवर्णीय गायकाच्या पहिल्या अल्बमचे अमेरिकेत जे स्वागत झाले, त्याचा विचार करताना आम्हांस हीच गोष्ट आठवते.

'नो टाइम फॉर ड्रीमिंग' हा तो अल्बम. ब्रुकलिनच्या डॅपटोन कंपनीच्या डनहॅम या शाखेने तो २५ जानेवारी २०११ रोजी प्रसिद्ध केला, तेव्हा ब्रॅडली ६२ वर्षांचे होते. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिगायन आणि रिदम अँड ब्लूज यांच्या संगमातून घडलेली सोल ही गायकी, आणि तिचाच तालप्रधान अवतार म्हणजे फंक. जेम्स ब्राउन हे या दोन्हींतील मोठे नाव. ब्रॅडली यांनी १९६२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास, हार्लेमच्या अपोलो थिएटरात त्यांना प्रत्यक्ष ऐकले आणि गाण्याचा ध्यास घेतला.

पुढची कहाणी कष्टांची आहे. फ्लोरिडात आजीजवळ गेलेले बालपण, लहान वयात सोडलेले घर, भुयारी रेल्वेच्या डब्यांत काढलेल्या रात्री, मेन राज्यात आचाऱ्याची नोकरी, मग देशभर भटकंती. पेनिसिलीनच्या ॲलर्जीमुळे ते मरणाच्या दारातून परतले. भावाचा गोळी लागून खून झाला, तोही पुतण्याच्या हातून. उतारवयात ते ब्रुकलिनच्या क्लबांतून 'ब्लॅक व्हेल्व्हेट' या नावाने जेम्स ब्राउन यांची नक्कल करीत. तेथेच डॅपटोनच्या गॅब्रिएल रॉथ यांची नजर त्यांच्यावर पडली. पुढे थॉमस ब्रेनेक आणि मेनाहन स्ट्रीट बँड यांच्या साथीने हा अल्बम सिद्ध झाला.

समीक्षकांनी त्याचे मनापासून कौतुक केले. 'रोलिंग स्टोन' मासिकाने त्या वर्षीच्या ५० उत्तम अल्बमांत त्याला स्थान दिले. परंतु कौतुकाची तऱ्हा पाहण्यासारखी होती. आधी चरित्र, मग अश्रू, मग 'अस्सल' हे विशेषण. आणि गाण्याविषयी दोन वाक्ये. दुसरीकडे काहींनी नाक मुरडले की, हे तर साठीच्या दशकातील आवाजाचे पुनरुज्जीवन. ओटिस रेडिंग आणि जेम्स ब्राउन यांनी हे पूर्वीच गाऊन ठेवले आहे. आमच्या मते हे दोन्ही पक्ष एकाच जागी चुकले. एकाने गायकाची केवळ जखम पाहिली, दुसऱ्याने केवळ साचा पाहिला. गळ्याकडे दोघांचेही दुर्लक्ष झाले.

वास्तविक नकलेची ती वर्षे म्हणजे ब्रॅडली यांची तालीम होती. ब्राउन यांची किंकाळी त्यांनी घोटून घोटून आत्मसात केली. मात्र स्वतःचा अल्बम गाताना ती वेगळ्या जागी वापरली. ब्राउन यांच्या फंकमध्ये किंकाळी तालावर चाबकासारखी पडते. येथे बहुतेक गाण्यांची लय संथ आहे, आणि किंकाळी ओळीच्या अखेरीस, शब्द अपुरे पडल्यावर येते. अखेरचे 'हार्टेक्स अँड पेन' हे गाणे भावाच्या मृत्यूवर आहे. तेथे तर हा गायक स्वतःला आवरून धरतो आणि घडलेली हकीकत सांगत जातो. हा संयम साधनेतून येतो. नुसते भोगल्याने तो लाभत नाही. भोगलेले तर लक्षावधी आहेत, असे गाणारे किती?

चाहत्यांचा प्रकार निराळा होता. ब्रॅडली कार्यक्रमात मंचावरून खाली उतरून श्रोत्यांना मिठी मारीत, आणि श्रोते रडत. त्या मिठीची आम्ही थट्टा करणार नाही. परंतु त्या प्रेमातही एक अपेक्षा दडलेली होती: आज पुन्हा ती जखम दाखवा. भावाच्या मृत्यूचे गाणे पुन्हा गाणे म्हणजे तो दिवस पुन्हा उघडणे. टाळ्या वाजविणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही.

हे सर्व आम्ही येथे लिहितो, कारण ही रीत आपल्या परिचयाची आहे. १९७२ साली दलित पँथरने आपले नाव अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून घेतले, तेव्हा दोन समाजांच्या अनुभवांतील साम्य आपण जाहीरच केले होते. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले. त्यावर आणि त्यामागून आलेल्या आत्मकथनांवर 'अंगावर काटा आला' असे म्हणणारे वाचक पुष्कळ भेटले. भाषेची घडण, निवेदनाची रीत यांविषयी बोलणारे थोडे. आपले दुःख खरे मानले गेले, कसब मात्र हिशेबात धरले गेले नाही.

आणि दोष केवळ परक्यांचा नाही. आमच्या कन्येला हा अल्बम आम्ही प्रथम गाडीत ऐकविला. गाणे सुरू होण्यापूर्वी ब्रॅडलींच्या हालअपेष्टांवर आमचे व्याख्यान चालू होते. ती म्हणाली, "बाबा, थोडं थांबा ना, मला ऐकू द्या." आम्ही ओशाळून गप्प झालो. जयंतीच्या कार्यक्रमात आपण शाहिरांची ओळख करून देतो तीही अशीच असते: आधी दारिद्र्य, मग गाणे. परदेशात वाढलेल्या आपल्या मुलांच्या कानी प्रथम काय पडते? आपली माणसे दयेस पात्र आहेत, की दाद मिळविण्यास समर्थ आहेत? तथागतांनी दुःख आहे हे सांगितले, पण तेथे न थांबता मार्गही सांगितला. ज्याने साधनेने दुःखातून गाणे घडविले, त्याच्याविषयी बोलताना आपण मात्र पहिल्या सत्यापाशीच थबकतो.

चार्ल्स ब्रॅडली यांचे २३ सप्टेंबर २०१७ रोजी वयाच्या ६८ व्या वर्षी कर्करोगाने निधन झाले. पहिल्या अल्बमनंतर त्यांना जेमतेम पावणेसात वर्षे मिळाली. आमची विनंती एवढीच की, हा अल्बम घरी मुलांसोबत एकदा, चरित्र न सांगता, ऐकावा. इतिहास अवश्य सांगावा, पण नंतर. आणि येत्या जयंतीला आपला शाहीर मंचावर येईल तेव्हा निवेदकाने त्याचे नाव सांगावे आणि बाजूला व्हावे.

जय भीम.