फसवा संदेश : पुसावा की पोलिसांना कळवावा?

'पीएम-किसान' योजनेचा अठरावा हप्ता पंतप्रधानांनी ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिम जिल्ह्यातील कार्यक्रमात वितरित केला. देशभरातील सुमारे ९ कोटी ४० लाख शेतकऱ्यांच्या खात्यांत सुमारे २० हजार कोटी रुपये मध्यस्थाविना जमा झाले. ही व्यवस्था स्वागतार्हच. परंतु पैसा ज्या वाटेने येतो, तिच्यावर चोरांचीही नजर असते. याच योजनेच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर बनावट 'एपीके' फाइली फिरत असतात. 'यादीत नाव पाहा', 'केवायसी पूर्ण करा' अशा सूचनेला भुलून ते अ‍ॅप मोबाइलमध्ये घेतले, की बँकेचे ओटीपी परक्याच्या हाती पडू शकतात. शहरवासीयांना हाच सापळा थकीत वीजबिलाच्या किंवा वाहतूक दंडाच्या नावाने भेटतो.

असा संदेश आला, आपण तो वेळीच ओळखला आणि एक रुपयाही गेला नाही, तर पोलिसांकडे जावे काय? बहुतेक सुशिक्षित मंडळी संदेश पुसून टाकतात आणि कामाला लागतात. 'पैसे गेलेच नाहीत, मग तक्रार कसली?' हा त्यांचा प्रश्न वरकरणी बिनतोड वाटतो.

या उदासीनतेला व्यवस्थेनेही हातभार लावला आहे. संगणक किंवा मोबाइलद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड नुसार तीन वर्षांपर्यंत कैदेस पात्र असा दखलपात्र गुन्हा आहे. मात्र याच कायद्याच्या कलम ७८ नुसार त्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करावयाचा असतो. ग्रामीण भागातील अनेक ठाण्यांचे ठाणेदार सहायक निरीक्षक दर्जाचे असतात. साहजिकच तक्रारदाराला जिल्ह्याच्या सायबर विभागाची वाट दाखवली जाते. मानोरा किंवा रिसोडच्या माणसाने एका संदेशासाठी दिवसाची मजुरी बुडवून वाशिम गाठावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही.

तथापि, तक्रार म्हणजे ठाण्याची पायरी चढणे, हे समीकरण आता उरलेले नाही. पैसे गेले नसतील, तर दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर मार्च २०२४ मध्ये सुरू झालेली 'चक्षू' ही सुविधा आहे. तेथे संशयास्पद कॉल, एसएमएस वा व्हॉट्सअ‍ॅप संदेशाची माहिती घरबसल्या देता येते. त्यावरून संबंधित क्रमांकाची फेरपडताळणी होऊन तो बंद होऊ शकतो. पैसे गेले असतील, तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता १९३० हा क्रमांक फिरवावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने फिरवली जाते. ती काढून घेतली जाण्यापूर्वी बँकेला गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते. त्यानंतर गुन्हा नोंदवण्यासाठी हद्दीची अडचण सांगता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिल्यास तीन दिवसांत स्वाक्षरी करावी लागते.

लोकसभेत २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, सायबर फसवणुकीत देशातील नागरिकांनी २०२३ मध्ये सुमारे ७,४६५ कोटी रुपये गमावले. २०२४ मध्ये हा आकडा सुमारे २२,८४५ कोटींवर गेला. एका वर्षात तिप्पट! हे आकडे अर्थातच पैसे गेल्यानंतरच्या तक्रारींचे आहेत. ज्यांनी सापळा ओळखला आणि मौन पाळले, त्यांच्याकडील माहिती यात कोठेच नाही. खरे तर तीच सर्वांत मोलाची आहे. कारण ती गुन्हा घडण्यापूर्वीची आहे. एकच संदेश हजारोंना जातो. ओळखणारा तो पुसतो तेव्हा स्वतःपुरता सुटतो. क्रमांक मात्र चालूच राहतो आणि पुढचा घाव हप्त्याच्या प्रतीक्षेतील एखाद्या वृद्ध शेतकऱ्यावर पडतो.

म्हणून संदेश पुसण्यापूर्वी त्याचे छायाचित्र, क्रमांक आणि वेळ जपून ठेवावी व ती कळवावी. यातून चोर पकडला जाईलच, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. ते ओझे एकट्या नागरिकावर टाकणेही योग्य नव्हे. कळवलेल्या क्रमांकाचे पुढे काय झाले, हे तक्रारदाराला सांगण्याची शिस्त शासनाने लावून घ्यावी. जिल्हा पोलिसांनी आपल्या भागात फिरणाऱ्या बनावट संदेशांची सूचना दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली, तर तक्रारीचे फळ लोकांना डोळ्यांनी दिसेल. उत्तर मिळते असा अनुभव आला, तरच लोक कळवतील. अन्यथा शहाणे संदेश पुसत राहतील आणि भोळे फसत राहतील.