किल्ली कोणाकडे?

फराळाच्या ताटाशेजारी इस्पितळाचा विषय मांडला म्हणून वाचक मला बोल लावतील. लावोत! पण मोठा फटाका वाजला की दचकून रस्त्याकडे पाहणारी माणसे या पुण्यात आहेत. १३ फेब्रुवारी २०१० च्या शनिवारी संध्याकाळी कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत बॉम्ब फुटला. १७ माणसे गेली. २०१२ च्या १ ऑगस्टला जंगली महाराज रस्त्यावर पुन्हा स्फोट झाले. ते कमी ताकदीचे निघाले, हे आपले नशीब. त्या नशिबालाच आपण तयारी समजून बसलो आहोत, ही माझी तक्रार.

तयारी म्हटली की आपल्याला काय दिसते? दारावर बंदूकवाला शिपाई, पिशव्या चाचपणारा रखवालदार आणि कधीमधी एखादा भोंगा. २०२५ च्या मे महिन्यात देशभर अशी तालीम झाली, पुण्यातही झाली.

मध्यंतरी एका आप्ताच्या उशाशी मी आठ रात्री काढल्या. इस्पितळाचे नाव सांगत नाही. मजल्याच्या टोकाला संकटकाळी बाहेर पडण्याच्या मार्गाची ठळक पाटी होती. दाराला कुलूप, पुढे मोडक्या खाटांची रास. किल्ली कोणाकडे, असे विचारले. रात्रपाळीची सिस्टर म्हणाली, "दिवसपाळीच्या मामांकडे असते, काका." संकटाने दिवसाच यावे, अशी बहुधा त्याच्याशी बोली झाली असावी!

मुंबईच्या कामा इस्पितळात अतिरेकी शिरले ते रात्रीच. २६ नोव्हेंबर २००८ ला. अंजली कुलथे या परिचारिकेने वीस गर्भवतींना मजल्याच्या टोकाच्या लहान खोलीत नेले, दारे लावली, दिवे मालवले. सगळ्या वाचल्या. पुढे कुलथेबाईंनी न्यायालयात साक्षही दिली. त्यांना माझा दंडवत. परंतु एका बाईच्या प्रसंगावधानावर वीस जणींचे प्राण टांगायचे आणि मग तिला हार घालून मोकळे व्हायचे, याला व्यवस्था म्हणत नाहीत. आपल्या हलगर्जीपणावर घातलेली ती शाल आहे.

खरी तयारी दिसायला साधी असते. स्फोटानंतर जवळच्या इस्पितळात बहुधा आधी पोचतात ती चालती, किरकोळ जखमी माणसे. अत्यवस्थ मागून येतात. म्हणून कोणाला आधी आत घ्यायचे हे ठरवणारा जाणता माणूस दारातच हवा. नाहीतर खाट ओरडणाऱ्याला मिळते आणि निपचित पडलेला मरतो. त्या रात्री रांगा लावून दिलेले रक्त तपासून हाती येईपर्यंत वेळ जातो. जखमीला लागते ते आधीच साठवलेले. कोणाला ससूनला न्यायचे, कोणाला जवळच्या खाजगी इस्पितळात, हेही आधीच ठरलेले हवे. आणि याची तालीम रात्री दोन वाजता, मावशी-मामांसकट व्हावी, मंत्र्यांवाचून.

पैसा नाही, असे सांगतील. खाटा बाजूला सारून किल्ली रात्रपाळीच्या हाती द्यायला किती पैसे लागतात?

वाचकहो, पुढच्या खेपेला कोणाला इस्पितळात भेटायला जाल, तेव्हा डब्याबरोबर एवढा एक प्रश्न न्या. उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.