तबकडीवरील रंग
वडीलधाऱ्यांचें कीर्तन सीडीवर उतरवून आप्तेष्टांस वाटण्याची हौस स्तुत्य होय. परंतु तबकडी म्हणजे कागद नव्हे, हें आम्ही सुचवूं इच्छितों. १२० मिलिमीटर व्यासाच्या त्या रुपेरी पृष्ठावर कोरी सोडलेली जागा पांढरी न दिसतां आरशासारखी चकाकते, आणि थेट चढविलेला रंगही काळवंडतो. सबब खालीं शुभ्र शाईचा थर अवश्य मागावा. स्क्रीन-छपाईंत प्रत्येक रंगाची स्क्रीन निराळी. म्हणून चित्रांतील रंग वेगवेगळे करून प्रत्येकास पँटोनचा क्रमांक द्यावा. तो संगणकावर पाहून नव्हे, छापील नमुन्यावरून निवडावा. अक्षरें ठसठशीत ठेवावीं. बारीक अक्षरें शाईनें भरून जातात. ज्यांचें कीर्तन, त्यांचेंच नांव वाचतां न आल्यास सारा खटाटोप व्यर्थ!