नकलांचे पैसे कोण देणार?

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. मुंबईची फेरी वाचली. पण कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर स्वतःच अपील लढणाऱ्या भगिनीचा खर्च वाचला काय? हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३(४) नुसार घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत मोफत मिळते. साक्षीपुराव्याच्या नकला, मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर आणि पेपरबुक यांना मात्र पैसे मोजावे लागतात.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ महिला व अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न घालता मोफत मदत देतो. त्या मदतीत नकला, पेपरबुकही येतात. मग वकील न घेणारीला ती का नाकारायची? नकल विभागाच्या खिडकीवर तसा फलक लावावा, ही आमची मागणी आहे. भगिनींनो, ही भीक नव्हे, हक्क आहे. अर्ज करा!