वाढणारा हात

पंगतीला बसलेल्या माणसाला एक गोष्ट चटकन कळते. वाढणाऱ्या हाताला आपण हवे आहोत की नको आहोत, हे भातावर वरण पडायच्या आत त्याला समजते. आग्रह दोन्हीकडे सारखाच असतो. जिलब्याही मोजून तेवढ्याच पडतात. पण एक गृहिणी वाढते ती न वाढले तर लोक काय म्हणतील म्हणून. दुसरी वाढते ती समोरचा अर्धपोटी उठू नये म्हणून. ताटात काही फरक नसतो, आणि तरीही एका घरून माणूस नुसता जेवून निघतो व दुसऱ्या घरून तृप्त होऊन निघतो.

धर्माचेही असेच आहे, वाचकहो. नियम म्हणून पाळलेला धर्म आणि प्रेमापोटी आचरलेला धर्म लांबून सारखेच दिसतात. ख्रिस्ती धर्मात तर हा प्रश्न अगदी मुळाशीच आहे. शब्बाथाच्या दिवशी, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी, रोग्याला बरे करावे की नाही, यावर येशूशी वाद घालणारी माणसे वाईट नव्हती. नियमाने चालणारी, सज्जन माणसे होती ती. येशूने मात्र सगळ्या आज्ञा दोन गोष्टींत आणल्या : देवावर प्रेम करा आणि शेजाऱ्यावर करा.

उधळ्या मुलाची त्याने सांगितलेली गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. पण तिच्यातल्या थोरल्या भावाकडे फारसे कोणी पाहत नाही. या बिचाऱ्याने बापाचा एकही शब्द मोडलेला नाही. शेतात राबला, वेळेवर घरी आला. आणि धाकटा भाऊ जिवंत परत आला त्या दिवशी मात्र हा रुसून अंगणात उभा! आत गाणेबजावणे चालले आहे आणि घरात जायला याचे पाऊल उचलत नाही. सगळे नियम पाळून माणूस घराबाहेर राहू शकतो, तो असा.

आता आपल्याकडचेच एक उदाहरण पाहू. पंडिता रमाबाई म्हणजे शास्त्रीबुवांची लेक. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला व लेकींना संस्कृत शिकवले. पुढे दुष्काळात आईवडील गेले. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या, त्या वेळी रमाबाई अवघ्या वीस वर्षांच्या होत्या. अशा विदुषीला वादात कोण जिंकणार? 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांचे मन वळवले ते कोणत्या ग्रंथातल्या युक्तिवादाने नव्हे. लंडनजवळ फुलहॅम येथे जोगिणींनी चालवलेले, समाजाने टाकलेल्या स्त्रियांचे घर होते. तिथे त्यांनी काय पाहिले? ज्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहू नये अशा बायकांना जवळ घेतले जात होते, आणि त्यांतल्याच काहीजणी आता दुसऱ्यांच्या सेवेला लागल्या होत्या. हे कशाच्या बळावर, असे विचारल्यावर त्यांना विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

इथे कोणाला वाटेल, की झाले, गोष्ट संपली. खरी गंमत इथूनच सुरू होते! ज्या जोगिणींच्या प्रेमाने रमाबाईंना ओढून आणले, त्याच आता त्यांना चर्चचे नियम शिकवू लागल्या. क्रूसावरचे शब्द लॅटिनमध्ये. रमाबाई म्हणाल्या, ते संस्कृतात का नसावेत? त्या शाकाहारी राहिल्या, तर तो जुन्या जातीचा अभिमान ठरला. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावे, याला हिंदुस्थानातल्या बिशपांची हरकत. सिस्टर जेराल्डीन यांना या मानी शिष्येला लिहिलेली पत्रे भरपूर आहेत, आणि रमाबाईंची उत्तरेही तितकीच खणखणीत आहेत. पुढे त्यांनीच सांगितले आहे, की ख्रिस्ताचा धर्म हाती आला होता, पण खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता; आणि हे उमगायला बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे जावी लागली.

तो सापडल्यावर काय झाले, ते केडगावात पाहावे. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. जायलाच पाहिजे, असा नियम कुठल्या चर्चने केला होता? पण त्यांना स्वतःची जुनी उपासमार आठवत होती. हाडांचे सापळे झालेल्या शेकडो मुली त्यांनी आणल्या. त्यातून 'मुक्ती' उभी राहिली. हजाराहून अधिक जणींचे घर झाले. आंधळ्यांसाठी बार्तिमी सदन निघाले. आणि टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. फुलहॅमला पाहिलेले पुणे जिल्ह्यातल्या माळरानावर असे उगवले.

"म्हणजे नियम नकोतच म्हणा की! प्रेमाच्या नावाखाली ज्याला जे वाटेल ते त्याने करावे!" असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. रमाबाईंच्याच चरित्रात त्याचे एक अवघड पान आहे. 1889 साली मुंबईत काढलेल्या शारदासदनात धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे आश्वासन होते. सदन पुण्याला आल्यावर त्यांच्या प्रार्थनेला मुली येऊन बसू लागल्या. आपण कोणाला बोलावले नाही व कोणाला अडवलेही नाही, असे त्यांचे म्हणणे. पण आईबापांचा विश्वास डळमळला, आणि 1893 साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर हे सल्लागार मंडळातून बाहेर पडले. प्रेमालाही दिलेला शब्द सांभाळावा लागतो, हे त्या मंडळींना दिसत होते, आणि त्यात त्यांचे चुकले असे म्हणवत नाही.

तेव्हा नियम हवेतच. हजार जणींच्या घरात शाळा, शेत, विणकाम, छापखाना शिस्तीवाचून चालला असेल काय? पण नियम म्हणजे ताटाभोवतीची रांगोळी. ती असली म्हणजे पान शोभते, कोणाचा पाय लागत नाही. भूक मात्र अन्नानेच भागते. आणि प्रेम सोपे, असे ज्याला वाटते त्याने आजारी लेकराच्या उशाशी बसलेली आई पाहावी. नोकरीला तास असतात; तिला नसतात. नियम कुठे थांबायचे ते सांगतो. प्रेमाला मेले ते थांबणेच जमत नाही.

दिवाळीच्या दिवसांत एवढी ख्रिस्ती धर्माची चर्चा कशाला, असे म्हणू नका. थोरला भाऊ सगळ्याच धर्मांत आहे आणि सगळ्याच घरांत आहे. उद्या शेजारी फराळाचे ताट पाठवाल, तेव्हा एवढेच करा : गेल्या खेपेला त्यांच्याकडून किती लाडू आले होते, ते आठवू नका. आणि ज्या घरून ताट परत यायची मुळीच आशा नाही, त्या घरी आधी पाठवा.